हेन्री रॉइस: तुटतं कुठे, हे शोधणारा मेकॅनिक

१९०७ च्या उन्हाळ्यात चंदेरी रंगाची एक सहा सिलिंडरची मोटार लंडन ते ग्लासगो अशा खेपांवर खेपा घालत होती. रविवार सोडला तर दिवसरात्र. सोबत रॉयल ऑटोमोबाइल क्लबचा निरीक्षक, हातात वही. ठरवून केलेले थांबे सोडून गाडी कुठे आणि का थांबली, ते टिपणं हे त्याचं काम. ६२९ मैलांवर गाडी थांबली. कारण अगदी किरकोळ होतं: हादऱ्यांनी पेट्रोलचा कॉक हळूहळू फिरला आणि बंद झाला. कॉक उघडला, गाडी निघाली, आणि पुढचे १४,३७१ मैल ती अशी एकदाही थांबली नाही. १५,००० मैल भरल्यावर क्लबच्या लोकांनी ती पूर्ण खोलली, एकेक भाग मोजला. इंजिनाच्या बेअरिंगांत, गिअरांत मोजण्याजोगी झीज नव्हती. स्टिअरिंगच्या सांध्यातले दोनचार भाग, मॅग्नेटोचा (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या यंत्राचा) जोड, पंख्याचा पट्टा, पेट्रोलची जाळी असं थोडंफार बदलायला निघालं. या सुट्या भागांची किंमत झाली २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स. त्या गाडीची नुसती चासी (इंजिनासह खालचा सांगाडा, वरच्या बॉडीशिवाय) तेव्हा ९८५ पौंडांना मिळत होती.

ती गाडी म्हणजे एएक्स २०१ नंबरची ‘सिल्व्हर घोस्ट’, चासी क्रमांक ६०५५१. ती घडवणारा फ्रेडरिक हेन्री रॉइस. रोल्स-रॉइस म्हटलं की आपल्याकडे राजे-महाराजे, चांदीचे दिवे आणि मखमली गाद्या डोळ्यांपुढे येतात. पण गादी, छप्पर, दरवाजे यांतलं काहीच रॉइसच्या कारखान्यात बनत नव्हतं. तिथून बाहेर पडायची ती चासी, इंजिन आणि रेडिएटर. वरची बॉडी गिऱ्हाईक स्वतः बार्कर, हूपर यांच्यासारख्या कोचबिल्डरांकडून बांधून घेई. रॉइसचं सगळं लक्ष त्या खालच्या लोखंडावर होतं. कुठला भाग कधी आणि का तुटेल, हा एकच प्रश्न तो आयुष्यभर विचारत राहिला. गाडीची शांतता आणि ऐषाराम हे त्या प्रश्नाच्या उत्तरातून आपोआप आले, असं माझं ठाम मत आहे.

रॉइसचा जन्म २७ मार्च १८६३ चा, पीटरबरोजवळच्या आल्वाल्टन गावातला. वडिलांची पिठाची चक्की होती, ती बुडाली. रॉइस नऊ वर्षांचा असताना वडील गेले. त्यानंतर लंडनमध्ये वर्तमानपत्रं विकणं, तारा पोचवणं अशी कामं. शाळा जेमतेम वर्षभराची. एका मावशीने वर्षाला २० पौंड भरायचं कबूल केलं म्हणून ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या पीटरबरोच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी मिळाली, पण तीन वर्षांनी मावशीचे पैसे संपले आणि उमेदवारी अर्ध्यावर सुटली. मग लीड्समध्ये हत्यारं बनवणाऱ्या कारखान्यात आठवड्याला ११ शिलिंगांवर नोकरी. म्हणजे हातात पूर्ण झालेला एकही दाखला नाही. फाइल आणि लेथ मात्र पक्की बसलेली, आणि विजेचं शिक्षण रात्री पुस्तकं वाचून. पुढे सर हेन्री झाल्यावरही तो स्वतःला मेकॅनिकच म्हणवून घ्यायचा, आणि त्यात उसना विनय नव्हता.

१८८४ मध्ये त्याने अर्नेस्ट क्लेअरमाँटला सोबत घेऊन मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर छोटा कारखाना काढला. रॉइसचे २० पौंड, क्लेअरमाँटचे ५०. सुरुवात विजेच्या घंटा, दिव्यांचे होल्डर अशा बारीकसारीक मालापासून. आपल्या घरात दाबून, फिरवून अडकवायचा दोन पिनांचा बल्ब असतो ना, त्या बायोनेट जोडणीतल्या एका सुधारणेचं १८९७ चं पेटंट रॉइसच्या नावावर आहे. पण कारखान्याला नाव मिळालं ते डायनॅमोमुळे, आणि ते का, हे थोडं नीट बघायला हवं.

डायनॅमोच्या फिरत्या भागावर तांब्याच्या पट्ट्यांचा गोल असतो, त्याला कम्युटेटर म्हणतात. त्यावर ब्रश टेकलेले असतात आणि ते वीज उचलून घेतात. ब्रश एका पट्टीवरून दुसरीवर जातो त्या क्षणी त्या गुंडाळीतला प्रवाह उलटा व्हावा लागतो. तो वेळेत उलटला नाही तर ठिणगी पडते. ठिणगीने तांबं जळतं, पट्टीवर खड्डा पडतो, खड्ड्यावर ब्रश उडतो आणि ठिणगी आणखी वाढते. एकदा हे चक्र सुरू झालं की कम्युटेटर लेथवर चढवून परत छिलल्याशिवाय थांबत नाही. सुती गिरणीत तर हवेत कापसाचं पिंजण तरंगत असतं, तिथे ठिणगी म्हणजे आगच. रॉइसच्या डायनॅमोची ख्याती होती ती ठिणगीविना चालण्याची. पुढे विजेवर चालणाऱ्या क्रेनही त्याने याच काटेकोरपणे बनवल्या. विजेच्या जोडणीतली खोट कुठे लपते, हे कळणारा माणूस मोटारीच्या धंद्यात उतरला, ही मोटारीच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट होती. कारण त्या काळात रस्त्यात बंद पडणाऱ्या गाड्यांचं मोठं दुखणं इग्निशनमध्येच, म्हणजे पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीच्या जोडणीतच असायचं.

१९०३ मध्ये रॉइसने फ्रेंच बनावटीची, दोन सिलिंडरची जुनी देकोव्हिल गाडी विकत घेतली. ती त्या काळाच्या मानाने चांगलीच गाडी होती. पण खडखड फार, कंप फार, इंजिन तापायचं आणि विजेची जोडणी बेभरवशाची. त्याने ती पूर्ण खोलली आणि तिच्याच धर्तीवर स्वतःची गाडी आखायला घेतली. नवा शोध लावायचा असा त्याचा हट्ट नव्हता. इग्निशनचे संपर्क नीट बसवले, कार्ब्युरेटर स्वतः आखला, एक्झॉस्टला मोठा सायलेन्सर दिला, गिअरांचे दात अचूक कापले आणि प्रत्येक जोड घट्ट बसेल अशा मापात केला. १ एप्रिल १९०४ ला ही पहिली १० हॉर्सपॉवरची रॉइस कुक स्ट्रीटवरून स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली. दोन सिलिंडर, ९५ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), १२७ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), सुमारे १,८०० सीसी. अशा तीन गाड्या झाल्या. त्यांतली एक रॉइसच्या कंपनीचा संचालक हेन्री एडमंड्सकडे गेली आणि त्याच्यामार्फत चार्ल्स रोल्सपर्यंत बातमी पोचली. रोल्स खानदानी घरातला, लंडनमध्ये परदेशी गाड्या विकणारा. ४ मे १९०४ ला मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात दोघं भेटले. रॉइसने बनवाव्यात आणि रोल्सने विकाव्यात, असा लेखी करार त्या वर्षीच्या २३ डिसेंबरला झाला. १९०६ च्या मार्चमध्ये रोल्स-रॉइस लिमिटेड उभी राहिली. कंपनीचा व्यवहार, जाहिरात आणि ती १५,००० मैलांची चाचणी सांभाळणारा तिसरा माणूस क्लॉड जॉन्सन. त्याचं नाव बॉनेटवर नाही, पण त्याच्याशिवाय हे नाव टिकलं नसतं.

आता ज्या गोष्टीमुळे रॉइस बाकीच्यांपेक्षा वेगळा ठरतो, ती सांगतो. ती म्हणजे ३० हॉर्सपॉवरची सहा सिलिंडरची गाडी आणि तिचे तुटणारे क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा.

सहा सिलिंडरचं इंजिन करायची तेव्हाची सोपी रीत म्हणजे दोन-दोन सिलिंडरचे तीन ब्लॉक एका रांगेत बसवायचे. सुरुवातीला रॉइसनेही तेच केलं. त्यामुळे क्रँकशाफ्ट लांब आणि सडपातळ झाला. कागदावर सहा सिलिंडरचं इंजिन चारपेक्षा गुळगुळीत चालायला हवं. प्रत्यक्षात एका ठरावीक वेगाला इंजिन थरथरायचं आणि क्रँक तुटायचे. पोलाद चांगलं, बेअरिंगं ठीक, तरीही.

कारण असं. दर स्फोटाला क्रँकचा तो भाग किंचित पिळला जातो आणि लगेच उलटा सुटतो, पिळलेल्या टॉवेलसारखा. प्रत्येक दांड्याचा असा पिळून सुटण्याचा स्वतःचा एक ठेका असतो. सहा सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला तीन स्फोट होतात. मिनिटाला १,२०० फेरे असतील तर सेकंदाला ६० धक्के. धक्क्यांचा ठेका आणि दांड्याचा ठेका जुळला की झोपाळ्यासारखं होतं: प्रत्येक झोका छोटाच, पण वेळेवर दिलेला, म्हणून झोपाळा चढत जातो. क्रँकचा पीळ असाच वाढत जाऊन शेवटी तडा जातो. तडा बहुतेकदा क्रँकच्या मानेपाशी, गोलाईत सुरू होतो. गाडी चालवणाऱ्याला दिसतं ते एवढंच की ‘अचानक तुटला’.

यावर धातू बदलणं हा पुरेसा उपाय नव्हे. रॉइसने ४०/५० हॉर्सपॉवरच्या नव्या इंजिनासाठी, म्हणजे सिल्व्हर घोस्टसाठी, सगळी मांडणीच बदलली. तीन-तीन सिलिंडरचे दोन ब्लॉक केले, म्हणून लांबी कमी झाली. क्रँक जाड केला. दांड्याचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. व्यास २० टक्क्यांनी वाढवला तर दांडा दुपटीहून जास्त ताठ होतो. सात मुख्य बेअरिंगं दिली. क्रँकचे दोन्ही अर्धे भाग एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे ठेवले, त्यामुळे फिरत्या वजनांचे ओढे आपापसात मिटतात. क्रँकमध्ये भोकं पाडून दाबाखालचं तेल थेट बेअरिंगांपर्यंत नेलं. पुढे क्रँकच्या टोकाला घर्षणावर चालणारं छोटं सैल फ्लायव्हीलही आलं. क्रँक पिळून थरथरू लागला की ते किंचित घसरतं आणि ती थरथर उष्णतेत जिरवतं. आज बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत क्रँकच्या पुढच्या पुलीत रबराचा डॅम्पर असतो, तो याच कामाचा. गॅरेजमध्ये त्या पुलीचं रबर फुगलेलं दिसलं तर ‘पट्टा तर फिरतोय ना’ म्हणून सोडून देऊ नये. ती पुली पट्ट्याबरोबर क्रँकही सांभाळत असते.

४०/५० चा बोअर साडेचार इंच आणि स्ट्रोकही साडेचार इंच, मिळून ७,०३६ सीसी. पुढे स्ट्रोक पाव इंचाने वाढवून ७,४२८ सीसी झालं. कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ३.२ च्या आसपास, म्हणजे आजच्या मानाने फारच कमी. पण तेव्हाचं पेट्रोल तसंच होतं, जास्त दाबलं तर ठोके देणारं. सिलिंडरचं डोकं ब्लॉकलाच ओतलेलं, वेगळं हेड नाही. यामागेही ‘काय बिघडेल’ हाच विचार: तेव्हाची हेड गॅस्केटं हमखास गळायची, म्हणून गॅस्केटच नको. याची किंमत आज जुन्या गाडीच्या मालकाला मोजावी लागते. पाण्याच्या पोकळीत शंभर वर्षांचा गंज आणि गाळ साठतो, हेड उघडून तो खरवडता येत नाही, आणि गाळाच्या जागी इंजिन तापतं. रेडिएटर कितीही धुतला तरी उपयोग होत नाही, कारण अडथळा ब्लॉकमध्ये असतो. बाजूच्या झाकणपट्ट्या काढून, तारेने आणि पाण्याच्या उलट्या धारेने गाळ मोकळा करत राहणं हाच मार्ग.

हे इंजिन सुरू करण्याची रीत सांगण्याजोगी आहे, कारण विजेची जाण असलेल्या माणसाची सही तिच्यात दिसते. पेट्रोलची टाकी मागे आणि खाली, म्हणून पेट्रोल आपोआप पुढे येत नाही. डॅशवरच्या हातपंपाने टाकीत दर चौरस इंचाला एक ते दोन पौंड हवेचा दाब भरायचा. इंजिन चालू झालं की पुढे दाब तेच राखतं. स्टिअरिंगवरची इग्निशनची लिव्हर मागे घ्यायची, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल. मिश्रण घट्ट करायचं. मग इग्निशन बंद ठेवूनच हँडलने इंजिनाला दोनचार फेरे द्यायचे, जेणेकरून सिलिंडरमध्ये मिश्रण भरेल. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, विळखा घालायचा नाही. ठिणगी लवकर पडली तर हँडल उलटं फटकारतं आणि विळख्यातला अंगठा किंवा मनगट मोडतं. यानंतर बॅटरीचा स्विच टाकायचा. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आहेत: एक मॅग्नेटोवर, एक बॅटरी आणि ट्रेम्बलर कॉइलवर. मॅग्नेटोला ठिणगीसाठी फिरावं लागतं, ट्रेम्बलर कॉइल मात्र इंजिन उभं असतानाही ठिणग्यांची माळ सोडते. सहा सिलिंडरांत दर १२० अंशांना एक स्फोट, म्हणजे इंजिन कुठेही थांबलेलं असलं तरी कुठला ना कुठला पिस्टन कामाच्या उतारावर असतोच. त्या सिलिंडरमध्ये मिश्रण असेल तर स्विच टाकल्याबरोबर, हँडलला हात न लावता, इंजिन निघतं. गरम इंजिन थोड्या वेळापूर्वी बंद केलं असेल तर हे हमखास जमतं. तसं निघालं नाही तर दाब उतरलाय, की प्लग ओले झालेत, की कॉइलचे टोक चिकटलेत, हे याच क्रमाने तपासायचं.

चासीच्या जोडांची गोष्टही अशीच. तेव्हा सगळे रिव्हेट मारायचे. तापवून ठोकलेला रिव्हेट गार होताना आकसतो, डोक्याने पत्रे घट्ट धरतो, पण भोकात बारीक फट राहते. गाडी पिळली की फटीएवढी हालचाल होते, भोक मोठं होतं, जोड करकरायला लागतो. रॉइसने महत्त्वाच्या जोडांना निमुळते बोल्ट वापरले. भोक निमुळत्या रीमरने (भोक छिलून मापात आणायच्या हत्याराने) हाताने मापात आणायचं, बोल्ट आत ओढून बसवायचा, म्हणजे तो भोक पूर्ण भरतो. काढताना नट सैल करून शेंड्यावर एक टोला दिला की सुटतो. जीर्णोद्धार करताना लोक दोन चुका करतात. एक म्हणजे निमुळत्या भोकात सरळ बोल्ट घालणं. तो फक्त एका कडेवर टेकतो आणि महिन्याभरात सैल होतो. दुसरी म्हणजे ‘जरासं साफ करू’ म्हणून दर वेळी रीमर फिरवणं. प्रत्येक फिरवणीला भोक वाढतं आणि शेवटी बोल्ट तळाशी टेकतो, ओढ बसतच नाही.

आपल्या मुलखाशी या गाडीचा संबंध सुरुवातीपासूनचा आहे. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर मार्गावर मोटारींची चाचणी झाली, ६२० मैलांची, सहा घाट ओलांडणारी. तिच्यात ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची सिल्व्हर घोस्ट उतरली आणि तिने नाव काढलं. नंतर ती ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी घेतली. घाट ही त्या काळच्या गाडीची खरी परीक्षा. चढाला वेग कमी, म्हणून समोरून वारा कमी, आणि इंजिनावर भार मात्र सगळ्यात जास्त. कमी वेगातही ओढणारं मोठं इंजिन तिथे कामी येतं.

पण चढावरच रॉइसच्या गाडीची फजितीही झाली आहे. कंपनीने मधल्या काळात चार गिअरांऐवजी तीनच ठेवले होते. १९१२ च्या आल्प्सच्या चाचणीत जेम्स रॅडलीची घोस्ट ऑस्ट्रियातल्या कात्शबर्ग घाटात अडकली. पहिला गिअर त्या चढाला पुरेसा ‘खालचा’ नव्हता, माणसं उतरवावी लागली तेव्हा गाडी चढली. डर्बीच्या कारखान्याने सबबी सांगितल्या नाहीत. चार गिअरांचा डबा परत आणला, पाणी थंड ठेवण्याची सोय वाढवली आणि १९१३ मध्ये त्याच चाचणीत गाड्यांचा ताफा उतरवून सगळ्यांना मागे टाकलं.

कारखाना १९०८ मध्ये डर्बीला गेला होता, तिथल्या नगरपालिकेने वीज स्वस्त देऊ केली म्हणून. दोन वर्षांनी, १२ जुलै १९१० ला, बोर्नमथला विमानाची शेपटी तुटून रोल्सचा मृत्यू झाला. १९११ मध्ये रॉइस स्वतः कोसळला. वर्षानुवर्षं वेळेवर न जेवता काम करण्याची सवय होती. पोटाचा आजार, मग मोठी शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी आशा सोडली होती, पण एथेल ऑबिन या परिचारिकेच्या देखभालीत तो आणखी वीस वर्षं जगला. जॉन्सनने त्याला कारखान्यापासून दूर ठेवलं: हिवाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ल कानादेल, उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये, शेवटी वेस्ट विटरिंग. बरोबर चारदोन आरेखक. यामुळे एक चांगली गोष्ट झाली. आधी तोंडी सांगून, हातातून हातोडा घेऊन काम करून दाखवणारा हा माणूस आता सगळं लिहून कळवू लागला. कुठल्या भागात किती ताण, कुठली गोलाई किती मोठी हवी, कुठला नमुना मोडेपर्यंत चालवून पाहा. कनेक्टिंग रॉडवरचा ओरखडासुद्धा घासून काढा, कारण तडा ओरखड्यातूनच सुरू होतो. डर्बीत चासी जागच्या जागी आदळणारं यंत्र होतं. त्यावर गाडी बसवून मोडेपर्यंत हादरवायची आणि मोडलेला भाग टेबलावर घेऊन चर्चा करायची. पत्रांतलं हे शिक्षण एका माणसाच्या डोक्यातून संस्थेच्या अंगात उतरलं, आणि मला वाटतं त्याचा सगळ्यात मोठा वारसा तोच आहे.

त्याचं फळ युद्धात दिसलं. १९१४ मध्ये सरकारने दुसऱ्याचं हवेने गार होणारं विमान-इंजिन बनवायला सांगितलं. रॉइसने स्वतःचं पाण्याने गार होणारं व्ही-१२ (व्ही आकारात मांडलेल्या बारा सिलिंडरचं) आखलं, ते ‘ईगल’. बोअर घोस्टचाच, साडेचार इंच, कारण त्या मापाची जाण होती. स्ट्रोक साडेसहा इंच, मिळून २०.३ लिटर. १९१५ मध्ये सुरुवातीला २२५ हॉर्सपॉवर, युद्ध संपेपर्यंत ३६०. मूळ रचना तीच, फक्त प्रत्येक वाढीनंतर जो भाग आधी मोडला तो मजबूत करायचा. जून १९१९ मध्ये ॲलकॉक आणि ब्राउन या वैमानिकांनी न थांबता अटलांटिक ओलांडला तो अशाच दोन ईगल इंजिनांवर, सोळा तासांच्या आत.

गाड्यांच्या बाजूला १९२० च्या दशकात त्याने चारही चाकांना ब्रेक दिले ते इतरांपेक्षा उशिरा, म्हणून टीकाही झाली. १९२४ मध्ये आले तेव्हा हिस्पानो-सुइझाच्या धर्तीवरचा यांत्रिक सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा) सोबत होता. गिअरबॉक्सच्या बाजूला सावकाश फिरणारी घर्षणाची चकती. पेडल दाबलं की थोडा जोर थेट मागच्या ब्रेकला जातो आणि थोडा त्या चकतीला दाबतो. चकती गाडीच्याच गतीने फिरत असल्याने लिव्हर ओढते आणि सगळे ब्रेक लागतात. तेल नाही, पाइप नाही, हवेची पोकळी नाही. चकतीवर गिअरबॉक्सचं तेल झिरपलं तर ब्रेक मऊ होतात, गाडी महिनोन् महिने उभी राहून चकती गंजली तर पहिल्याच दाबाला ब्रेक झटका देऊन पकडतात, आणि अगदी मुंगीच्या पावलाने जाताना सर्व्हो पोचायला किंचित वेळ लागतो. तरी ही रचना इतकी भरवशाची ठरली की कंपनीने ती १९६० च्या दशकापर्यंत आपल्या मुख्य गाड्यांत चालू ठेवली.

दोन ऐकीव गोष्टी इथेच निकालात काढाव्यात. रेडिएटरवरची ‘आरआर’ ही लाल अक्षरं रॉइसच्या दुखवट्यासाठी काळी केली, असं सर्रास लिहिलं जातं. रंग बदलायचं त्याच्या हयातीतच ठरलं होतं, कारण लाल रंग काही बॉडींच्या रंगाशी विसंगत दिसायचा. आणि कुणा संस्थानिकाने अपमानाचा बदला म्हणून रोल्स-रॉइसने कचरा उचलला, ही मोबाइलवर फिरणारी गोष्ट. राजा कधी अलवरचा असतो, कधी पतियाळाचा, कधी हैदराबादचा, आणि त्या काळचा कागद एकही पुढे येत नाही.

शेवटची मोठी कामगिरी ‘आर’ इंजिनाची, श्नायडर चषकाच्या, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या विमानांच्या शर्यतीसाठी. वेस्ट विटरिंगच्या समुद्रकिनाऱ्यावर रॉइसने काठीने वाळूत त्याची मांडणी काढून दाखवली, असं सांगतात. ३६.७ लिटर, १९२९ मध्ये सुमारे १,९०० हॉर्सपॉवर, १९३१ मध्ये २,३५०. अट अशी की चाचणीत पूर्ण जोरावर तासभर टिकलं पाहिजे. इंजिन आधी मिनिटांतच काही ना काही मोडायचं. मोडलं की खोलायचं, कारण शोधायचं, तो भाग नव्याने करायचा, परत चालवायचं. ऑगस्ट १९३१ मध्ये तास पुरा झाला. सप्टेंबरात शर्यत जिंकली आणि त्याच महिन्यात विमानाने ताशी ४०७ मैलांचा विक्रम केला. या कामातून जे शिकले त्याच माणसांनी २७ लिटरचं पीव्ही-१२ इंजिन उभं केलं, जे पुढे ‘मर्लिन’ म्हणून स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांत बसलं. ते पहिल्यांदा चाललं १५ ऑक्टोबर १९३३ ला. रॉइस त्याआधी सहा महिने, २२ एप्रिलला गेला होता.

जाण्याच्या आदल्या दिवशी अंथरुणात बसून त्याने एका पाकिटावर एक आकृती काढली आणि कारखान्यातल्या मुलांना पोचवायला परिचारिकेकडे दिली. ती होती शॉक ॲब्सॉर्बरची, चालवणाऱ्याला जोर कमी-जास्त करता येईल अशी. एकच ठरलेला जोर असला की दोनांपैकी एक दुखणं राहतंच: मऊ ठेवला तर वेगात गाडी झुलते, कडक ठेवला तर गावातल्या दगडी रस्त्यावर दर खड्डा पाठीत बसतो. तेल ज्या झडपेतून जातं तिच्या स्प्रिंगवरचा ताण बसल्या जागेवरून बदलता आला, तर एकाच गाडीत दोन्ही साधतं.